शिकागो ते न्यू यॉर्क: एका पिवळ्या फुग्याची ओळख

डिसेंबर २०२३ मधल्या एका संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला उतरलो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे सभागृह या स्टेशनच्या माथ्यावरच असल्यामुळे जिना चढताचढताच तिथे वाजवणाऱ्या ‘फिश’ या अमेरिकी रॉक बँडचे चाहते भेटू लागले. दाराशी एक मुलगी तर्जनी उंचावून मुकाट्याने उभी होती. जास्तीचे तिकीट असेल तर द्यावे, हा त्या बोटाचा अर्थ मी जुलै २०१५ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमबाहेर शिकलो होतो. तिथे ‘ग्रेटफुल डेड’चे हयात असलेले चार जुने सदस्य बँडच्या पन्नाशीनिमित्त तीन रात्री वाजवत होते आणि १९९५ मध्ये निवर्तलेल्या त्यांच्या गिटारवादक जेरी गार्सियाच्या जागी फिशचा ट्रे अनास्तासियो गिटार घेऊन उभा होता.

डेड १९६५ चा, कॅलिफोर्नियाचा. फिश १९८३ चा, व्हरमाँटचा. डेडचे गाणे रमतगमत जाते, तर फिशची रचना आधी घट्ट बांधलेली असते आणि मग सुटते. तरीही बंदिश छोटी आणि बढत मोठी, हा दोघांचाही बाणा असल्यामुळे ख्याल ऐकत वाढलेल्या मला इथे परके वाटले नाही. (डेडचा ढोलवादक मिकी हार्ट आणि आपले झाकिर हुसेन यांनी वर्षानुवर्षे एकत्र वाजवले, ते उगाच नव्हे.) याच सभागृहात २०१७ मध्ये फिशने तेरा रात्रींत एकही गाणे पुन्हा घेतले नव्हते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांना डेडने १९८४ मध्ये वेगळी जागा दिली. फिशनेही तोच पायंडा पाळला. मुद्रण वाटावे, विकू नये, एवढीच अट. माझ्यापुढचे एक वयस्क गृहस्थ उंच दांडीवरचे दोन मायक्रोफोन सारखे करत होते. टाळ्यांच्या कडकडाटातही त्यांचे हात मांडीवरच राहिले. मुद्रणात जवळची टाळी येऊ नये म्हणून.

मध्यंतरात बाहेर एका टेबलाला पिवळा फुगा बांधलेला दिसला. व्यसनापासून दूर राहून संगीत ऐकू इच्छिणारे तिथे भेटतात. डेडच्या चाहत्यांत ‘व्हार्फ रॅट्स’ या गटाने ही रीत रुजवली आणि फिशच्या चाहत्यांमधल्या ‘फेलोशिप’ गटाने ती पुढे चालवली. नशेने दोन्हीकडची माणसे गमावली आहेत, म्हणून या दोन समुदायांमधले हेच साम्य मला सर्वांत मोलाचे वाटते. टेबलामागच्या बाईंनी सांगितले, की त्या आधी डेडच्या वर्तुळात बसत. गार्सिया गेल्यावर पहिल्यांदा फिशला आल्या, तेव्हा गर्दीत ओळखीचा म्हणून फक्त हा फुगा सापडला होता.