सात गावांची रिंग: आठवरून सहावर आलो, अन् मग थेट बारा

कागदावरचं आपलं ऑप्टिकल नेटवर्क (काचेच्या तारेतून प्रकाशानं माहिती पाठवणारं जाळं) या आठवड्यात जरा सरकलं. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, महागाव, आर्णी आणि परत यवतमाळ, अशी रिंग. प्रत्येक गावाचा बाकी सहांशी थेट लाइटपाथ, म्हणजे एका गावातून दुसऱ्यात जाणारी प्रकाशाची स्वतंत्र वाट. अशा 21 जोड्या. वाटेत तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचा रंग, बदलायची सोय नाही. निघताना जो रंग, पोचेपर्यंत तोच.

डीपी जळालेली, लाईनीचा पत्ता नाही, लॅपटॉप बंद. मग पाटावर सात गावांचे सात खिळे ठोकले आणि लाइटपाथच्या दोऱ्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली रिळं काढली, एका रंगाला एक रीळ. पद्धत फर्स्ट-फिट: पहिला मोकळा सापडेल तो रंग द्यायचा, एका टप्प्यावर (शेजारच्या दोन गावांमधल्या केबलवर) एक रंग दोनदा नको.

आधी शेजारच्या जोड्या, मग दोन टप्प्यांच्या, शेवटी तीन टप्प्यांच्या. 7 रंगांत जमतंय असं वाटलं, तर यवतमाळवरून जाणाऱ्या आर्णी–दिग्रस या एका जोडीनं आठवं रीळ काढायला लावलं. सीडब्ल्यूडीएमचा 8 चॅनेलचा मक्स, म्हणजे आठ रंग एकाच तारेत घालणारा डबा (1471 ते 1611 नॅनोमीटर, 20-20 च्या अंतरानं) काठोकाठ भरला.

सगळं उसवलं आणि लांबच्या जोड्या आधी घेतल्या. बरोब्बर 6! बंडी भरतानाही आधी पोती अन् मग टोपल्याच टाकतो ना, हे आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. याच्या खाली जाताच येत नाही: एक, दोन आणि तीन टप्प्यांच्या प्रत्येकी 7 जोड्या, मिळून 42 टप्पे, रिंगला टप्पे 7, प्रत्येकावर 6. पाटावर कुठल्याच रंगाला फट उरली नव्हती.

खुशी तासभरच टिकली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तर? यवतमाळ–दारव्हा टप्पा कात्रीनं कापला. रिंगची सरळ रेघ झाली. पुसद–उमरखेडवर एका बाजूला 3 गावं, दुसऱ्या बाजूला 4, म्हणजे एकाच टप्प्यावर 12 लाइटपाथ. मक्स 8 चा.

म्हणून आता दिग्रस–आर्णी असा आडवा दोरा टाकतोय. त्या हट्टी जोडीचंही काम होईल. यवतमाळ–दारव्हा टप्पा कापला तर दारव्हा आणि यवतमाळ एकेका दोऱ्यावर लटकतात, तिथं 6 लागणारच. बाकीचं 8 मध्ये बसतं का, ते पाहतोय. पाट तसाच ठेवलाय, पांढरं रीळ तेवढं आईनं परत मागितलंय.