फ्रँकफर्टच्या पायवाटेवरची पाटी

लेकीकडे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलला गेले होते, तेव्हा एक दिवस तिथल्या राजधानीला, फ्रँकफर्टला जाऊन आलो. केंटकीच्या जुन्या विधानभवनासमोर पायवाटेतच एक पाटी बसवली आहे. विल्यम गोबेल इथे गोळी लागून पडला. १८९९ची ती गव्हर्नरपदाची निवडणूक तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

गोबेल डेमोक्रॅट, जिद्दी, रेल्वे कंपन्यांशी उभा दावा मांडलेला. १८९८ मध्ये त्याने कायदा करून घेतला की निवडणुकीचे आयुक्त विधिमंडळ नेमणार. विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हातात, म्हणजे तिन्ही आयुक्त त्यांचेच! मला हे मुळीच पटत नाही. त्याच्या पक्षातलेही बरेच जण बिथरले, माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन वेगळे उभे राहिले आणि १२,००० वर मतं घेऊन गेले. निकाल लागला तेव्हा रिपब्लिकन विल्यम टेलर १,९३,७१४, गोबेल १,९१,३३१. फरक फक्त २,३८३.

आता तिघे आयुक्त काय करणार, हे सगळे धरूनच चालले होते. पण त्यांच्यातल्या प्रायर आणि एलिस या दोघांनी सांगितलं, आम्ही न्यायालय नाही. आलेल्या आकड्यांची बेरीज करायची, एवढंच आमचं काम. दोनास एक मतांनी टेलर विजयी. नोकरीत असताना मीही मतमोजणीच्या टेबलाशी बसले आहे. मागे आपल्याच बाजूची माणसं ताटकळत उभी असताना समोरच्या तक्त्यावर सही करणं काय असतं, ते मला कळतं. त्या दोघांबद्दल मला फार आदर वाटतो.

१२ डिसेंबरला टेलर यांनी शपथ घेतली, पण गोबेलच्या पक्षाने वाद विधिमंडळात नेला. ३० जानेवारी १९०० ला सकाळी गोबेल दोन सोबत्यांसह विधानभवनाकडे चालत येत होता, तेवढ्यात गोळी आली. डेमोक्रॅट आमदारांनी त्यालाच विजयी ठरवलं, ३१ तारखेला अंथरुणावरच त्याला शपथ दिली. ३ फेब्रुवारीला तो गेला. उपगव्हर्नर बेकम त्याच्या जागी आले, टेलर इंडियानात निघून गेले. अमेरिकेत पदावर असताना खून झालेला गव्हर्नर हा एकच. गोळी नेमकी कुणी झाडली, हे आजही वादातच आहे.

आवारात गोबेलचा पुतळाही आहे. प्रायर आणि एलिस यांची नावं मी बराच वेळ शोधत होते. मला कुठे दिसली नाहीत.