शकुंतलेवरचे व्याख्यान : तयारीपासून वादापर्यंत

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या सासरी हर्णैला गेलो असता समुद्रकाठच्या एका देवळात सुवर्णदुर्गाविषयीचे व्याख्यान ऐकले. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून १७५५ साली तो किल्ला तुळाजी आंग्रे यांच्याकडून कसा घेतला, हे वक्ते सांगत होते आणि श्रोत्यांना तो तट समोरच्या पाण्यात दिसत होता. आमच्या दारव्हा तालुक्यातील गावातही असे काही करावे, असे तेथेच मनात आले. मात्र बोट दाखवायला आमच्याकडे ना किल्ला ना समुद्र. होते ते गवतात बुडालेले अडीच फुटी रूळ. विषय त्यातूनच ठरला : मूर्तिजापूर ते यवतमाळ पूर्वी धावणारी शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी.

ग्रामपंचायतीचे सभागृह सरपंचताईंनी लगेच दिले; खरी अडचण तारखेची झाली. पहिली तारीख भागवत सप्ताहात गेली, दुसरी कापूस वेचणीत. शेवटी फेब्रुवारीत रात्री आठची वेळ ठरली, कारण त्याआधी शेतातून कोणी परतत नाही.

तयारीसाठी मी दोन वह्या केल्या. एकीत छापील आधार असलेले तेवढेच लिहिले : वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेने विलायतेला पोचावा म्हणून हा मार्ग झाला, आणि १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत या मार्गावर राबले. कापूस ज्या देशाला जायचा, तेथूनच इंजिन यावे, हे लिहिताना मला गंमत वाटली. दुसऱ्या वहीत घरोघरी जाऊन ऐकलेले उतरवले. माझ्या मते ही दुसरी वही अधिक मोलाची ठरली, जरी निवृत्त इतिहास शिक्षकाने असे कबूल करणे अवघड असले तरी.

व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत, तोच मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. ‘‘गुर्जी, तुमी कागदं वाचले, मी त्या गाडीत बसेल आहो. आमचं वऱ्हाड त्याच गाडीनं आलं. गार्डच तिकीट देत जाय, मंगच गाडी सुटे.’’ मी कागद बाजूला ठेवून त्यांना पुढे बोलावले.

वाद पेटला तो मालकीवरून. ‘गाडी आजही इंग्रजांची आहे’ हे वाक्य आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. मी सांगितले की, या मार्गाची मालक असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीने काढली, १९५१ च्या सुमारास इतर रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही हा मार्ग खासगीच राहिला, पण स्वातंत्र्यानंतर ती पेढी भारतीय मालकांकडे गेली; म्हणून खासगी म्हणणे बरोबर, इंग्रजांची म्हणणे बरोबर नाही. दोन तरुणांना हे पटले, एका काकांना अजिबात नाही. त्यांनी पुढे चहा होईपर्यंत माझ्याशी बोलणे टाळले आणि चहाच्या वेळी मात्र आपल्या वडिलांचा मोतीबाग स्थानकावरचा जुना फोटो दाखवायला घरी बोलावले.

पुढच्या महिन्यातली बैठक मी व्याख्यान म्हणून ठेवलेलीच नाही. माईकपाशी आजी बसतील, प्रश्न मी विचारीन, आणि काकांचा फोटो भिंतीवर लावलेला असेल.