बोक्याच्या पिसवा आणि घरात दोन ससे

आमच्याकडे एक बोका आणि दोन ससे. बोका बंड्या, ससे चिकू आणि जाई. भांडुपला तळमजल्यावर राहतो, त्यामुळे खिडकीला कितीही जाळी ठोका, बंड्या कुठून तरी निसटतो आणि कंपाउंडमधल्या मांजरांबरोबर लोळून येतो. जुलैमध्ये सासूबाईंच्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. त्या म्हणाल्या डास असतील. मला मात्र ते पटेना, कारण सगळ्या पुळ्या घोट्यापाशीच आणि त्याही एका ओळीत.

मग बंड्याला धरला आणि उवांच्या बारीक फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरला. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण पडले. ते ओल्या टिश्यूवर ठेवले की खरं कळतं, नुसती माती असेल तर मातीच राहते, पण पिसवांची घाण असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते प्यायलेलं रक्तच असतं. डाग पडला. मग चिकूच्या मानेमागचे केस फुंकून बघितले तर तिथेही एक पळताना दिसली. दिसणारच, तिघं दुपारभर एकमेकांना चिकटून झोपतात, बंड्या चिकूचं डोकं चाटतो आणि जाई बंड्याचे कान.

या चाटण्यामुळेच सगळा घोळ आहे. माणूस मांजराचं औषध आणतो, मांजराच्या मानेवर घालतो आणि ससा शेजारीच आहे हे विसरतो. जवळच्या पेट शॉपमध्ये गेले तर त्याने लगेच मांजराची ट्यूब काढून दिली, मानेवर घाला, महिनाभर बघायला नको. घरात ससे पण आहेत म्हटलं तर म्हणे, त्यातलीच थोडी थोडी त्यांना घाला, चालतं. मी खोक्यावर बघितलं, फिप्रोनिल. आतल्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात सशांवर वापरू नये असं लिहिलेलंच होतं. कागद त्याला दाखवला, ट्यूब त्याच्याच काउंटरवर ठेवली आणि निघाले.

फिप्रोनिल मांजरांना आणि कुत्र्यांना बऱ्यापैकी सोसतं, सशांना नाही. ससा खायचं सोडतो, मलूल पडतो, झटके येतात, मरूही शकतो. आणि त्रास लगेच दिसेलच असं नाही, कधीकधी काही दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे औषधाशी संबंध लावायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. शिवाय ते मांजराच्या कातडीतल्या तेलात उतरून आठवडेच्या आठवडे तिथे राहतं, म्हणून सशाला घातलं नाही आणि फक्त बोक्याला घातलं तरी आमच्या जाईसारखी चाटणारी असेल तर तिच्या तोंडात जायचंच.

डॉक्टर शोधणं हे वेगळंच काम. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली, पण ससा म्हटलं की बरेच जण हात वर करतात. परळचं बैलघोडा हॉस्पिटल डोक्यात होतं पण रिक्षा सायनच्या पुढे जात नाही आणि तीन पिंजरे घेऊन लोकलमध्ये चढायची माझी हिंमत नाही. शेवटी मुलुंडला ससे-कासवं बघणाऱ्या एक डॉक्टर मिळाल्या. फोनवरच सांगितलं, मॅडम, बोका आणि ससे तिघांना एकदम आणते, औषध एकाच विचाराने द्या.

त्यांनी आधी तिघांची वजनं केली. म्हणाल्या, तुमच्या घरात बोक्याला असं औषध हवं जे सशाच्या पोटात थोडं गेलं तरी भागेल. इमिडाक्लोप्रिड चालतं, इंग्लंडमध्ये तर ते पाळीव सशांसाठीही मंजूर आहे, आणि सेलामेक्टिन लेबलवर सशांसाठी नसलं तरी ससे बघणारे डॉक्टर ते वापरतात. आम्हाला त्यांनी सेलामेक्टिन दिलं, कातडीतून आत शोषलं जातं आणि सशांच्या कानातल्या, केसांतल्या खाजेच्या किड्यांवरही लागू पडतं म्हणून. डोस प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वेगळा काढला. इथे तो लिहीत नाही, कुणीतरी वाचून घरी मोजत बसेल. हो, आणि इमिडाक्लोप्रिड नाव वाचून कुत्र्याची ट्यूब उचलू नका, कुत्र्यांच्या काही ट्यूबमध्ये त्याच्या जोडीला परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विष आहे.

औषध घालायचं ते मानेच्या मागे, अगदी कवटीच्या खाली, जिथे त्याची स्वतःची जीभ पोहोचत नाही. सशाचे केस इतके दाट की बोटांनी भांग पाडून कातडी दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर सगळं औषध केसांवरच बसतं. प्रश्न नंतरचा. दुसऱ्याची जीभ तर पोहोचतेच ना. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण वाळेपर्यंत आणि वर एक अख्खी रात्र तिघांना वेगळं ठेवा. पण जोडीतले ससे एकदम तोडले की घाबरतात, आणि घाबरलेला ससा खायचं थांबवतो, त्याचं पोट थांबलं की औषधापेक्षा तीच मोठी आफत. म्हणून चिकू-जाईच्या मध्ये नुसती जाळी लावली, एकमेकांना बघता येईल, वास घेता येईल, पण चाटता येणार नाही अशी. बंड्या बेडरूममध्ये कोंडलेला, रात्रभर ओरडत होता, नवरा उशी डोक्यावर घेऊन झोपला.

मी त्या रात्री लेंड्या बघत बसले. हसू नका, सशाची तब्येत लेंड्यांवरूनच कळते. गोल, मोठ्या, नेहमीएवढ्या पडतायत तर ठीक. बारीक झाल्या, कमी झाल्या आणि सुक्या गवताला तोंड लावलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, फोन करायचा. आमच्या दोघांनी कोथिंबीर पाहिल्याबरोबर दंगा सुरू केला, तेव्हा मी झोपले.

एवढं करून पिसवा गेल्या का, तर नाही. मांजराच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, एकूण पलटणीच्या साधारण ५ टक्के. बाकीचे ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष म्हणून सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत, लादीच्या फटीत. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती चिकट नसल्याने मांजर जाईल तिथे सांडत जातात. त्यांना उबदार आणि दमट हवा लागते, म्हणजे मुंबईचा जुलै. कोषातल्या पिसवेला फवारे फारसे लागत नाहीत, ती महिनोन् महिने आत दबा धरून बसू शकते आणि कुणी चाललं, हादरा बसला, ऊब लागली की बाहेर येते. त्यामुळे औषध घातल्यावर आणि झाडपूस वाढवल्यावर पिसवा उलट जास्त दिसल्या तरी औषध बदलत बसू नका, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की निदान तीन महिने धरून चाला.

मग रोज व्हॅक्यूम, तोही सोफा ओढून, आणि आतला कचरा पिशवीत गाठ मारून लगेच खाली. तिघांच्या चादरी कडकडीत पाण्यात. सशांच्या कोपऱ्यातलं गवत रोज नवीन.

सल्ले देणारे होतेच. शेजारच्या काकू म्हणाल्या कापूर आणि निलगिरीचं तेल लाव, आमच्या गावाला तेच करतात. काकूंना चहा दिला आणि विषय बदलला, कारण ही दोन्ही मांजर-सशांना बाधतात. सासूबाईंचं म्हणणं सशांना आंघोळ घालू या. सशाला पाण्यात घालायचं नाही, तो घाबरून गार पडतो. त्याऐवजी आई आता रोज संध्याकाळी फणी घेऊन बसतात, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, सापडली पिसू की बुडव. बंड्याला जंताचं औषधही दिलं, मांजर चाटताना पिसू गिळतं आणि तिच्यातून पट्टकृमी पोटात जातात.

सध्या आईंचे घोटे साफ आहेत, फणीत क्वचित एखादी सापडते, पुढचा डोस महिन्याच्या हिशोबाने फोनमध्ये लावलेला आहे. तेवढ्यात सोसायटीने पेस्ट कंट्रोलची नोटीस लावली. सेक्रेटरीकाकांना म्हटलं, काय फवारणार त्याचं नाव आधी लिहून द्या, मी डॉक्टरांना दाखवते. ते म्हणाले एवढं कोण विचारतं, पण कंपनीला मेसेज केलाय त्यांनी. नाव येईपर्यंत आमच्या घरात फवारा नाही, आणि कंपाउंडमध्ये मारायच्या दिवशी ससे ठाण्याला नणंदेकडे जातील, त्यांच्या गवताच्या पिशवीसकट.