आमची वाटचाल : गिरणगावातली पेटी आणि कोकणातला कोरस

वडिलांनी भजनी मंडळ काढलं तेव्हा ते लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कोरसही सगळा गिरणीतलाच, कुणी दिवसपाळी कुणी रात्रपाळी, त्यामुळे अख्खं मंडळ तालमीला एकत्र मिळायचं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. तरी काळी चारला, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, एका दमात गजर उचलायचे, माईक नाही की साऊंड नाही. मग १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमचे सगळे टाळकरी. आज मिटेल उद्या मिटेल म्हणता म्हणता बायकापोरं गावी गेली आणि मागोमाग माणसंही गेली. घरातली पितळेची भांडी विकली गेली पण वडिलांनी पेटी विकली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

गावी गेलेल्यांनी तिकडे टाळ सोडले नाहीत, म्हणून आजही आमचा अर्धा कोरस कणकवली-कुडाळ पट्ट्यातला आहे. पुढची वर्षं बरी गेली, सुपाऱ्या मिळत होत्या, कोकण रेल्वे आली आणि एसटीच्या टपावर पखवाज बांधायची कटकट संपली.

आता खरी गोष्ट. माझ्याबरोबर सुरुवातीपासून पार्टनर होता, मी पेटीवर, तो पखवाजावर, तारखांची वही दोघांची. एका वर्षी गणपती तोंडावर आले असताना तो दुसऱ्या बुवाला, म्हणजे मुख्य गाणाऱ्याला, घेऊन वेगळा झाला. वेगळं व्हायला माझी ना नव्हती, पण वही घेऊन गेला, पखवाज घेऊन गेला आणि वहीतल्या एकेका घरी फोन करून सांगितलं की त्यांचं मंडळ बंद झालं, आता आम्हीच. ज्या माणसाने माझ्या वडिलांच्या पाया पडून पखवाजाला पहिली थाप मारली त्याने हे करावं, हे मला आजही पटत नाही.

कुडाळकडच्या एक काकी, त्यांच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं भजन वडिलांपासून. त्यांनाही फोन गेला. त्यांनी मला फोन लावला, "बुवानू, मंडळ बंद पडला म्हणतत, खरा काय?" मी म्हटलं नाही काकी, चालू आहे. "मगे चवथीक येवा." बस, एवढंच. ठरलेली बिदागी हातात ठेवलीच, वर स्वतः वाडीत घरोघर सांगितलं की बुवा आलेत. निम्म्या तारखा त्या बाईमुळे परत आल्या. त्या काकींचे उपकार आमचं मंडळ विसरणार नाही.

पखवाजावर कोरसमधलाच एक पोरगा बसवला. नवीन पखवाज, त्यात भाद्रपदातली कोकणची हवा, ओलीने पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरायची, सुरुवातीचा रूपाचा अभंग संपेपर्यंत स्वर गेलेला असायचा. मग तो हातोडीने वादीखालचे लाकडी गट्टे सरकवत पुन्हा काळी चारला आणायचा आणि मी तोवर पेटीवर स्वर धरून कोरसला थांबवून ठेवायचो. नवीन पोरांना सांगतो, डाव्या तोंडाला लावायची कणीक घट्ट मळा, पातळ लावली की पाऊण तासात घसरते आणि घुमारा मरतो. आणि कार्यक्रम झाला की तिथल्या तिथे खरवडून काढा, सकाळी बघू म्हणून झोपलात तर उंदीर पुडी कुरतडतात, कातडं कुजतं ते वेगळंच.

दोन वर्षांनी डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या आमनेसामनेच्या भजनाला, समोर तोच पार्टनर आला. त्याचा बुवा आलापीला चांगला, ते मी मान्य करतो, पण कोरस भाड्याचा, तारखेपुरता गोळा केलेला. बुवाने वर चढवलं की मागून उचलायला कुणी नाही, कुणी अर्ध्या ओळीत, कुणी झांजेच्या आवाजात लपलेला. आमच्या बारीला गजर सुरू झाला आणि गिरणीतले दोन म्हातारे, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी असा सूर लावला की मंडपाबाहेर चहा पिणारे आत आले. बुवाचं नाव बॅनरवर लागतं पण मंडळ म्हणजे कोरस, हे मी तेव्हाही म्हणत होतो. त्या रात्री तो समोरून गेला, राम राम केला नाही, वहीचा विषय आजपर्यंत काढलेला नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत, त्यामुळे उजाडेपर्यंत चालणाऱ्या बाऱ्या आता संध्याकाळीच लावाव्या लागतात. बरीच मंडळं वेळ वाचवायला गौळण कापतात. कापू नका, त्यापेक्षा सत्कार आणि भाषणं कमी करायला आयोजकांना आधीच सांगून ठेवा, आम्ही सुपारी घेतानाच सांगतो. २०२० ला तर चवथीला कुठेच जाता आलं नाही, तेव्हाही काकींचा फोन आला होता.

आता कोरसला त्या म्हाताऱ्यांचे नातू आहेत, दोन मुलीही आहेत आणि त्यातली एक झांज अशी वाजवते की जुने लोक मान डोलावतात. पेटी वडिलांचीच आहे, भाता दोनदा बदलला, सूर तेच. तालीम गुरुवारी संध्याकाळी असते, ज्यांना शिकायचंय त्यांनी या, टाळ आमच्याकडे आहेत.