आमची वाटचाल : स्टुडिओतून खडपावर

रत्नागिरीतला आमचा स्टुडिओ बाबांनी थाटला तो पासपोर्टचे फोटो, लग्नं आणि मुंजी यांच्या भरवशावर. छत्तीस फोटोंचा रोल कसा जपून वापरायचा, प्रिंट कशी वाळवायची, हे मी शाळेत असतानाच शिकलो. पुढे डिजिटल कॅमेरे आले, पाठोपाठ प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि रोल धुवायला टाकणारं गिऱ्हाईक बंदच झालं. लग्नांनी आम्हाला तारलं. आजही वैशाखातली लग्नं आम्ही घेतो आणि मनापासून करतो. पण आता लोक आमच्याकडे येतात ते सूर्यास्ताच्या वेळी, पाण्याकाठी, शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या मोठ्या छायाचित्रांसाठी.

ही वाट एका गिऱ्हाइकाने दाखवली. मुंबईत स्थायिक झालेले एक काका गणपतीसाठी गावी आले होते. मी हौसेने काढलेला आरे-वारेचा एक फोटो दुकानात लावलेला होता. पाणी धुक्यासारखं पसरलेलं, वर केशरी आभाळ. काकांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. डावीकडच्या एका कातळावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याच्यावर बसून आमची आई कालवं फोडायची." फोटो त्यांनी तसाच फ्रेमसकट नेला.

तेव्हापासून या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. मिनिटभर शटर उघडं असलं की लाटा एकमेकींत मिसळून जातात, चालणारी माणसं उमटतही नाहीत, कातळ तेवढा जागच्या जागी राहतो. गावचा माणूस त्याला ओळखतो. म्हणून आमच्याकडे मागणी येते ती अमुक वाडीच्या, अमुक खडपाची, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाची. नुसता "सुंदर सूर्यास्त" हवा म्हणणारे थोडे.

खडप दिसणं भरतीच्या हातात. इथले मच्छीमार एक सोपा हिशेब करतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं आणि कातळाची फक्त टोकं वर. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी, आणि तीही उधाणाची असल्यामुळे एरवी न दिसणारा खडक उघडा पडतो. हा ठोकताळा, पक्की वेळ आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांवरून घेतो. पौर्णिमेला एक सांभाळावं लागतं. सूर्य टेकतो तोवर ओहोटी संपून पाणी परत फिरलेलं असतं आणि आपण ज्या घळीतून आलो ती आपल्या पाठीमागे भरत असते. म्हणून किनाऱ्यावर असे फोटो शिकवण्याच्या आमच्या कार्यशाळेत सगळ्यांची नजर कॅमेऱ्यात असताना एक जण फक्त पाण्यावर नजर ठेवून उभा असतो. ही ड्यूटी आम्ही कधीही चुकवत नाही.

सूर्याचंही गणित आहे. आमच्या अक्षांशावर डिसेंबरातला मावळतीचा बिंदू आणि जूनमधला बिंदू यांत जवळपास पन्नास अंशांचं अंतर पडतं. दोन खडकांच्या बरोबर मधे सूर्य हवा असेल तर वर्षात त्याचे मोजकेच दिवस, एकदा उत्तरायणात आणि एकदा दक्षिणायनात. त्या दिवशी ओहोटी हवी, आभाळ मोकळं हवं. काही मागण्या यामुळे पुढच्या वर्षावर जातात, आणि आम्ही हे गिऱ्हाइकाला आगाऊ घेतानाच सांगतो.

प्रत्यक्ष काम असं चालतं. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतवून घट्ट करायचे, फिल्टरशिवाय फ्रेम आणि फोकस पक्का करायचा, मग दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, चढवायचा. तो प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, त्यामुळे एक पंधरांश सेकंदाचं एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, मिनिटाच्या थोडं वर जातं. पण मावळतीला शटर उघडं असतानाच उजेड उतरत असतो, तेव्हा हिशेबाच्या सव्वापट वेळ मी देतोच. मागचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाकायचा, नाहीतर तिथून उजेड शिरतो. खारे तुषार फिल्टरवर बसतात, ते दर फोटोआधी पुसायचे. नव्या मुलांना वाटतं की सूर्य बुडाला की संपलं, आणि ती बॅग भरायला लागतात. त्यांना मी थांबवतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं उंचावरच्या पातळ ढगांना खालून रंग चढतो, सगळ्यात चांगले फोटो तिथेच मिळतात.

सगळीकडे मिनिटभराचं एक्स्पोजर चालत नाही. काळ्या वाळूच्या मांडवीला परतणाऱ्या लाटेच्या पांढऱ्या रेघा हव्या असतील तर अर्धा-एक सेकंद पुरतो. खाडीत नांगरलेली होडी भरतीला हलते आणि धूसर येते. ओहोटीला ती चिखलात टेकली की पाहिजे तेवढं शटर उघडं ठेवा.

2020 साली लग्नं थांबली, जूनमध्ये निसर्ग वादळाने कोकणाला तडाखा दिला. गावी येऊ न शकलेले चाकरमानी फोन करून आपल्या किनाऱ्याचे फोटो मागू लागले. त्याच वर्षी आम्ही मोठा प्रिंटर घेण्याचा निर्णय केला आणि छपाई पुण्याहून करून आणणं थांबवलं. घरची छपाई म्हणजे दमट हवेशी रोजचा सामना. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून सगळी सामग्री कोरड्या कपाटात. काचेला टेकलेला फोटो ओल धरून चिकटतो, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये जाड माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून काच आणि कागद वेगळे ठेवतो. खर्च वाढतो, पण समुद्राकाठच्या घरात लागणाऱ्या फोटोला ते हवंच.

एका हॉटेलने भरपूर फ्रेमची मागणी दिली होती, अट एकच : आभाळ दुसऱ्या फोटोतलं लावून जास्त लाल करा. आम्ही नकार दिला. रंग, प्रकाश, उजेड-अंधाराचा तोल आम्ही जरूर सावरतो, पण एका गावच्या समुद्रावर दुसऱ्या संध्याकाळचं आभाळ चढवत नाही. ज्याच्या आईने त्या खडपावर कालवं काढली आहेत त्याच्यापुढे ते फ्रेम करून ठेवायची माझी तयारी नाही.

सध्या मुलगी या कामात आली आहे. राजापूरपासून गुहागरपर्यंतच्या खडपांची वाडीवार नोंद तिने सुरू केली आहे : कुठल्या तिथीला कुठला कातळ उघडा असतो, सूर्य कुठल्या महिन्यात कुठे उतरतो, वाट कुठून आहे. यात कालवं काढणाऱ्या मावशींची मदत मोठी आहे, शेवाळाचा निसरडा खडक कुठला हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. नोंदीसाठी दिलेल्या वेळेचे पैसे आम्ही त्यांना देतो.

किनाऱ्यावरची कामं ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतात. पावसाळ्यात खडपावर आम्ही कोणालाही नेत नाही. ते महिने छपाईचे आणि फ्रेमचे. गणपतीत गावी आल्यावर फ्रेम हातात हवी असेल तर आषाढाच्या आत कळवा, कारण दमट दिवसांत कागद वाळायला जास्त वेळ लागतो.