काळा ठिपका भरेचना

काचेवर लिपिडचा, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंचा, दुपदरी पडदा पसरवणं अवघड नाही, हे आधीच सांगते. टॅम आणि मॅकॉनल यांचा त्यावरचा पेपर १९८५ चा आहे. लिपोसोम (लिपिडचे सूक्ष्म फुगे) केले, एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दोन सिरिंजांमधल्या बारीक गाळणीतून, अकरा वेळा काढले, प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) साफ केलेल्या काचेवर सोडले, फुटून पसरले. रडगाणं सुरू झालं ते त्यात प्रोटीन घातल्यावर.

माझ्या प्रोटीनचे पडद्याच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे भाग आहेत. लिपिडला लाल रंग दिला, प्रोटीनला हिरवा. फ्रॅप म्हणजे लेझरने एका ठिपक्यातला रंग मारायचा आणि आजूबाजूचे रेणू सरकत येऊन तो भरतो का ते बघायचं. लाल ठिपका मिनिटाभरात भरला. हिरवा अर्ध्या तासानंतरही काळाच! तीन महिने मी तेच बघत होते. प्रोटीनसोबत आलेलं डिटर्जंट उरलं असेल म्हणून ते शोषणारे बायोबीड्स वाढवले, बफरमधलं (प्रयोगाच्या द्रावणातलं) मीठ बदललं, प्रोटीन पुन्हा शुद्ध केलं. गाइड दर सोमवारी एकच विचारायचे, "काच नीट धुतलीस ना?"

धुतली होती हो. पडदा ४-५ नॅनोमीटर जाड आणि त्याच्याखाली पाण्याचा थर जेमतेम १-२ नॅनोमीटर. प्रोटीन सुलटं बसो की उलटं, खालचा भाग काचेला टेकणार आणि तिथेच चिकटणार. नुसत्या लिपिडला रंग दिला असता, तर सगळं छान चाललंय असं समजून पुढे गेले असते.

पडदा काचेपासून उचलायला पेग (लांब साखळीचा पॉलिमर) जोडलेलं लिपिड मिसळलं. उत्साहात जास्त घातलं, तर लिपोसोम फुटेचनात. थोडंच ठेवलं आणि हिरवा ठिपका भरू लागला! त्या रात्री मी मायक्रोस्कोपसमोरून उठलेच नाही.

हो, अकरा वेळा का ते राहिलंच. विषम आकडा ठेवला की द्रव शेवटी पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो, न गाळलेलं अलीकडे राहतं. आणि बफर बदलताना पडदा कायम पाण्याखाली ठेवा. एक बुडबुडा फिरला की तेवढी पट्टी खरवडून जाते.

अजूनही सुमारे एक तृतीयांश प्रोटीन हलत नाही. थिसिसमध्ये त्याला 'अचल अंश' म्हटलंय. गाइडनी समासात लिहिलंय: काच?